संकटात घर तग कसं धरतं, ते मोजायचं कसं? पुण्यात पहिल्यांदाच सर्वेक्षणाला निघणाऱ्यांसाठी

दर पावसाळ्यात एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याची, किंवा मानसशास्त्राची मुलंमुली माझ्याकडे येतात. हातात एखादी इंग्रजी प्रश्नावली, तिचं घाईघाईत केलेलं मराठी, आणि पहिला प्रश्न ठरलेला: “किती घरं केली म्हणजे पुरतील?” विषय थोड्याफार फरकाने एकच. आजारपण, नोकरी जाणं, पूर, मृत्यू, कर्ज असं काही कोसळलं की घर ते कसं पेलतं, आणि वेगवेगळ्या समाजांतली घरं ते वेगवेगळ्या तऱ्हेने पेलतात का.

मी हे काम सुरू केलं तेव्हा येरवड्याच्या एका वस्तीत एका घराला मी खूप चांगले गुण दिले होते. वडिलांचा अपघात झाला होता, सहा महिने ते अंथरुणावर होते. तरी हप्ता थकला नव्हता, धाकट्यांची शाळा चालू होती, आई दोन घरची कामं जास्तीची धरून उभी होती. प्रश्नावलीच्या हिशेबात घर सावरलेलं. निघताना दाराशी पंधरा वर्षांची मुलगी भांडी घासत बसली होती. तिला विचारलं, कितवीत आहेस? “नववीत होते.” तिचं ते ‘होते’ लिहायला माझ्या फॉर्मवर कुठेही जागा नव्हती. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगते: घर तरलं का, एवढं विचारून थांबू नका. कोणाच्या जिवावर तरलं, तेही विचारा.

पहिली पायरी: चार गोष्टी चार कप्प्यांत ठेवा

“ताण मोजायचाय” एवढ्यावर कामाला लागू नका. त्या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूबेन हिल यांनी दुसऱ्या महायुद्धात घरापासून लांब गेलेल्या आणि नंतर परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये एक विभागणी मांडली. मला ती अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते. घडलेली घटना हा एक कप्पा. घराजवळचं बळ, म्हणजे पैसा, माणसं, तब्येत, ओळखी, हा दुसरा. त्या घटनेकडे घर कोणत्या नजरेने बघतं, हा तिसरा. आणि या तिघांतून प्रत्यक्ष काय झालं, घर कोलमडलं की नाही, हा चौथा.

चाकणच्या कारखान्यातले दोन कंत्राटी कामगार डोळ्यांसमोर आणा. दोघांचं काम एकाच दिवशी सुटतं. एकाची बायको अंगणवाडीत मदतनीस आहे आणि गावाकडे कोरडवाहू का होईना, तीन एकर आहे. दुसऱ्याने मागच्याच महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी कर्ज काढलंय, आणि काम सुटलं हे तो घरी सांगतच नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि संध्याकाळी परततो. घटना एकच. फॉर्मवर ‘नोकरी गेली’ समोर खूण करून पुढे गेलात, तर दोन्ही घरं सारखीच दिसतील.

नवखे लोक आणखी एक गल्लत करतात. घर किती धडपडतंय हे मोजतात आणि तोच परिणाम समजतात. धडपड खूप दिसते म्हणजे घर सावरलं, असं होत नाही. कधी कधी सगळ्यात जास्त धडपड सगळ्यात जास्त बुडत चाललेल्या घरात असते.

हिल यांच्या मांडणीत हॅमिल्टन मकबिन आणि जोन पॅटरसन यांनी १९८३ मध्ये महत्त्वाची भर घातली: संकटं एकेकटी येत नाहीत, साचत जातात. आपल्याकडे त्याला दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. आंबिल ओढ्याच्या काठची घरं घ्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याचं पाणी घरांत शिरलं, भिंती पडल्या. सहा महिन्यांत टाळेबंदी आली. जून २०२१ मध्ये त्याच ओढ्याकाठच्या काही घरांवर पाडकामाची कारवाई झाली. अशा घरात जाऊन “गेल्या बारा महिन्यांत कोणते ताणाचे प्रसंग आले?” असं विचारून हाती काय लागणार? म्हणून यादी वाचण्याऐवजी कागदावर कालरेषा काढा आणि घरच्यांना ती भरू द्या.

तारखा विचारू नका, त्या कोणाला आठवत नाहीत. “पाडव्याच्या आधी की नंतर?”, “पालख्या येऊन गेल्या होत्या का?”, “शाळा सुरू झाल्या होत्या?” असं विचारलं की नेमकं उत्तर येतं. मुस्लिम घरात ईदवरून काळ मोजताना ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, हे ध्यानात असू द्या. आणि वयाची सत्तरी ओलांडलेल्या पुणेकरांकडे एक खूणगाठ असतेच: पानशेतच्या आधी आणि पानशेतनंतर. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, त्या दिवशी घरात कोण कुठे होतं, हे ते काल घडल्यासारखं सांगतात. त्यांना बोलू द्या. एखाद्या घराची संकटाकडे बघण्याची नजर कुठून आली, ते अशा आठवणीत सापडतं.

दुसरी पायरी: कुटुंब म्हणजे कोण, हे घरालाच विचारा

जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम केलेल्या इरावती कर्व्यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या दिली, तिच्यातही एक छप्पर आणि एक चूल आहे. पण त्याबरोबर सामाईक मालमत्ता, सामाईक कुळधर्म आणि विशिष्ट नात्यांची बांधणीही आहे. संकटाच्या अभ्यासाला नुसती चूल पुरत नाही. वाघोलीच्या बांधकामावर राहणाऱ्या नवराबायकोची चूल पत्र्याच्या खोलीत, पण दोन लेकरं नांदेडकडच्या गावी आजीपाशी. पैसा तिकडे जातो, ज्वारी इकडे येते. कुटुंब किती जणांचं?

मी तीन प्रश्न विचारते. काल रात्री या चुलीवरचं कोण कोण जेवलं? या घरात पैसा कुठून येतो आणि कोणाकोणाकडे जातो? आणि रात्री दोन वाजता काही झालं, तर पहिला फोन कोणाला? तिसऱ्या प्रश्नावर माणसं क्षणभर थांबतात, आणि मग जे नाव येतं ते बरेचदा पहिल्या दोन उत्तरांत नसतं. जाऊ, चुलत दीर, शेजारची मावशी, बचत गटाची अध्यक्ष. एका धुणंभांडी करणाऱ्या बाईंनी पंधरा वर्षं जिथे काम करतात त्या घरच्या आजींचं नाव सांगितलं. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून माझी विद्यार्थिनी अडली. मी म्हटलं, बाई जे म्हणतात तेच लिही. “आजी.”

तिसरी पायरी: साधन निवडा, पण आधी त्याचं गाव विचारा

प्रत्येक प्रश्नावली कुठेतरी, कोणत्या तरी माणसांसाठी तयार झालेली असते. मकबिन, ओल्सन आणि लार्सन यांची ‘एफ-कोप्स’ १९८१ ची. अडचणीत घर काय काय करतं, ते ती विचारते. तिच्यात ३० विधानं आणि पाच भाग: आप्त-शेजाऱ्यांची मदत, अडचणीकडे नव्या नजरेने बघणं, धार्मिक आधार, संस्थांची किंवा तज्ज्ञांची मदत घेणं, आणि नुसतं सोसत राहणं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मांडणीवर बेतलेली ‘फॅमिली असेसमेंट डिव्हाइस’ ६० विधानांची. घरात कामांची वाटणी, बोलणं, भावना, शिस्त कशी चालते ते ती बघते. घरच्यांच्या आधारावर माणूस किती समाधानी आहे ते विचारणारी, स्मिल्कस्टाइन यांची १९७८ ची ‘फॅमिली अ‍ॅपगार’ पाचच प्रश्नांची. दवाखान्यात रांग असताना तीच बरी. मुलांशी बोलायचं असेल तर मायकेल उंगर यांच्या गटाने केलेली, मुलं संकटात कशी तग धरतात ते मोजणारी २८ प्रश्नांची ‘सीवायआरएम’ पाहा. ती अकरा देशांतल्या मुलांशी बोलून घडली, त्यात भारतही होता, आणि तिच्यात स्थानिक प्रश्न जोडायची सोय मुळातच ठेवली आहे. मला ती म्हणूनच आवडते.

घटनांच्या यादीचं तर गाव लगेच दिसतं. होम्स आणि राहे यांच्या १९६७ च्या ४३ घटनांच्या यादीत नाताळ हा ताणाचा एक प्रसंग आहे. मुलीचं लग्न नाही. गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये भारतासाठी ५१ घटनांची यादी केली, तिच्यात मुलीचं किंवा बहिणीचं लग्न आलं, हुंड्यावरून वाद आला, मुलगा नसणं हेही आलं. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या यादीत आजचं गोल्ड लोन किंवा मोबाइलवरच्या अ‍ॅपचं कर्ज नाही. ते तुम्ही घालायचं.

वापरण्याआधी परवानगीचं पत्र पाठवा. काही प्रश्नावल्या मोफत आहेत, काहींना शुल्क आहे. ‘इंटरनेटवर मिळाली’ हे परीक्षकांपुढे उत्तर होत नाही.

चौथी पायरी: भाषांतर

इथे मला सगळ्यात जास्त वेळ हवा असतो आणि मुलांकडे इथेच सगळ्यात कमी असतो. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये सुचवलेली पद्धत सगळ्यांना ठाऊक असते: एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता पुन्हा इंग्रजी करायचं, आणि दोन्ही इंग्रजी ताडून बघायची. ती जरूर करा. पण तिच्यात उत्तीर्ण झालेलं वाक्य वस्तीत समजेलच, असं धरून चालू नका. ‘रेझिलियन्स’, म्हणजे संकटात तग धरणं, यासाठी केलेला ‘लवचिकता’ हा शब्द इंग्रजीत अगदी बिनचूक परत जातो. वस्तीत तो व्यायामाचा शब्द आहे.

काही शब्द आडवळणाने फसवतात. ‘तणाव’ हा शब्द लोक वर्तमानपत्रात वाचतात तो दंगल आणि पोलीस बंदोबस्ताच्या बातमीत. “तुमच्या घरात तणाव आहे का?” असं विचारलं की भांडणाचा आरोप केल्यासारखं वाटतं, आणि उत्तर ‘नाही’ येतं. ‘टेन्शन’ म्हणा, ‘डोक्याला काळजी’ म्हणा, लगेच बोलणं सुरू होतं. ‘अडचण’ तर बाईला एकटीला विचारताना जपूनच वापरा. कित्येक बायका पाळीला अडचण म्हणतात. ‘संकट’ म्हटलं की लोकांना पूर-भूकंप आठवतात, रोजची ओढाताण नाही. ‘समस्यांवर चर्चा करतो’ असं कोणाच्याही घरात होत नाही. घरात विषय निघतो, बोलून घेतात, किंवा विषय टाळतात.

एफ-कोप्समध्ये ‘मिनिस्टर’चा सल्ला घेण्याबद्दल एक विधान आहे. तिथे अर्थ चर्चमधला धर्मगुरू असा आहे. भाषांतरात त्याचा मंत्री झाला, तर लोक आमदार-नगरसेवकांच्या ऑफिसला मारलेल्या खेपा मोजून देतील. बरं, धर्मगुरू असं केलं तरी प्रश्न सुटत नाही. कोणाकडे गुरुजी, कोणाकडे मौलाना, कोणी भंतेजींना विचारतं, कोणी बैठकीला जातं, कोणी हळूच देवऋषीकडे. “देवाला साकडं घालता का?” हे वाक्य बौद्ध घरात विचारलंत तर उत्तर ‘नाही’ येईल, काही घरांत थोडं रागानेही येईल, आणि धार्मिक आधाराच्या रकान्यात त्या घराला शून्य पडेल. त्याच घरातली माणसं दर रविवारी विहारात वंदनेला जातात, टाळेबंदीत विहारातूनच धान्याची वाटणी झालेली असते, आणि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघून मुलीला पुढे शिकवायचं बळ आणतात. आधार भक्कम आहे, तुमच्या वाक्यातला शब्द चुकलाय.

आणखी एक बारकी गोष्ट, जी इंग्रजीतून येणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. इंग्रजी ‘वी’ला मराठीत दोन शब्द आहेत. ‘आपण’ म्हणताना विचारणाराही घरात येतो, ‘आम्ही’ म्हणताना तो बाहेर राहतो. प्रश्नावलीत सगळीकडे ‘आम्ही’ ठेवा. आणि ‘आमच्याकडे’, ‘आमच्यात’ हे शब्द शक्यतो टाळा. लग्न झालेल्या बाईचं ‘आमच्याकडे’ म्हणजे माहेर की सासर, हे तिला थांबून विचारावं लागतं, आणि ‘आमच्यात असं नसतं’ याचा अर्थ बहुधा आमच्या समाजात असा होतो, आमच्या घरात असा नाही. त्यापेक्षा दुसऱ्या पायरीत जी माणसं कुटुंब म्हणून लिहिलीत, त्यांचा कागद समोर ठेवून “या सगळ्यांत” असं म्हणा.

वाक्य कळलं का, हे “कळलं का?” विचारून समजत नाही. सगळे हो म्हणतात. मी म्हणते, “मावशी, हाच प्रश्न तुमच्या जावेला विचारायचा असता तर कसा विचारला असता?” त्या जे बोलतील ते तसंच उतरवून घ्या. दहा-पंधरा घरांत हे केलं की तुमची प्रश्नावली बायकांनीच दुरुस्त केलेली असते. कोंढव्यात किंवा कॅम्पात काही घरांतल्या बायका तुमच्याशी छान मराठी बोलतील, पण काळजीची गोष्ट दख्खनीत निघेल; तेलुगू बोलणाऱ्या घरांचंही तेच. तिथे त्या भाषेतली जोडीदारीण बरोबर हवी. शाळकरी मुलाला दुभाष्या करू नका. आईच्या कर्जाची गोष्ट त्याच्या तोंडून वदवून घेणं बरोबर नाही.

भाषांतराच्या बरोबरीने एक यादी इथूनच गोळा करा. वीसेक बायकांना एकच प्रश्न: “घरात ओढाताण झाली की काय काय करता?” भिशी आधी उचलली. दागिने गहाण टाकले. किराणावाल्याकडे वहीवर घेतलं. दूध अर्ध्या लिटरवर आणलं. बीपीची गोळी एक दिवसाआड घेतली. माहेरी निरोप धाडला. पोराला गावी पाठवलं. नवऱ्याने फंड काढला. मग प्रत्येक गोष्टीबद्दल दोन प्रश्न जोडा: हे केलं तर लोक शहाणपणाचं म्हणतात की लाजिरवाणं? आणि याची झळ घरात कोणाला बसते? गोळी दिवसाआड घेणारी बहुतेक वेळा आई असते. शाळा सोडणारी बहुतेक वेळा थोरली मुलगी असते. माझ्या पहिल्या फॉर्मवर नव्हता तो रकाना हाच.

पाचवी पायरी: उत्तराचं माप

‘पूर्णपणे असहमत’ ते ‘पूर्णपणे सहमत’ ही पाच पायऱ्यांची शिडी कागदावर सोपी, तोंडी अवघड. आम्ही आधी भाकरी वापरायचो: रिकामी ताटली, चतकोर, अर्धी, पाऊण, अख्खी. मोजायला झकास. पण ज्या घरात त्या आठवड्यात खरोखर अर्धी भाकरी वाट्याला येत होती, तिथल्या आजी ते चित्र बघून गप्प झाल्या. आता आम्ही स्टीलच्या पेल्यातल्या पाण्याची चित्रं नेतो.

मूळ गुण कसे देतात तेही डोळसपणे बघा. एफ-कोप्समध्ये नशिबाचा वाटा मानणं किंवा थांबलं की प्रश्न आपोआप सुटेल असं मानणं ही विधानं ‘नुसतं सोसणं’ या भागात येतात आणि त्यांचे गुण उलटे धरतात. म्हणजे नशीब मानणारं घर कमकुवत. “दिवस काय घर बांधून राहतात?” असं म्हणत पहाटे चारला उठून तीन घरचा स्वयंपाक करायला निघणारी बाई मी पाहिली आहे. तिच्यासाठी ते वाक्य हात टेकणं नव्हतं, धीर धरणं होतं. तेच वाक्य दुसऱ्या घरात, दवाखान्यात जायचं टाळण्यासाठीही येतं. म्हणून मूळ पद्धतीने गुण द्याच, कारण त्याशिवाय इतर अभ्यासांशी ताळा बसणार नाही, पण शेजारी एक प्रश्न ठेवा: “असं म्हणून मग काय केलं?” आणि उत्तर शब्दांत लिहून घ्या.

भावना बोलून दाखवण्याच्या विधानांचंही असंच. परीक्षेच्या दिवसांत रोज सकाळी लेकीच्या स्कूटीत गुपचूप पेट्रोल भरून ठेवणारा बाप ‘आम्ही एकमेकांना प्रेम बोलून दाखवतो’ याला ‘कधीच नाही’ म्हणेल. उत्तर खरंच असेल, पण त्यावरून घर कोरडं आहे असा निष्कर्ष काढू नका.

सहावी पायरी: दारात

वेळ आधी ठरवा. नळाला पाणी येतं त्या वेळी कोणत्याही वस्तीत जाऊ नका. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चार भेटतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत बऱ्याच ठिकाणी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हिंजवडीच्या आयटीवाल्यांची शनिवार-रविवारी. गणपतीचे दहा दिवस आणि पालख्यांचा मुक्काम सोडून द्या. जूनमध्ये फी, वह्या आणि गळकं छप्पर एकदम येतं. निम्मी घरं जूनमध्ये आणि निम्मी डिसेंबरात केलीत, तर तुम्ही दोन समाजांतला नव्हे, दोन ऋतूंतला फरक मोजाल.

हातात फॉर्म दिसला की वस्तीत पहिला समज ‘एसआरए’चा, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सर्वेक्षणाचा होतो, नाहीतर रेशन कार्डाचा. मग कोणी माणसं वाढवून सांगतं, कोणी भाडेकरू लपवतं, कोणी दुःख वाढवून सांगतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. दारातच स्पष्ट सांगा: यातून घर, पैसे, योजना काही मिळणार नाही, आणि काही जाणारही नाही. हे ऐकून कोणी दार लावलं तर राग मानू नका.

एका खोलीच्या घरात एकांत मिळत नाही. सासूबाई बाजूला असताना सुनेला सासरबद्दल विचारणं तिला अडचणीत टाकणं आहे. आम्ही दोघी जातो: एक आजींशी बाहेर ओट्यावर जुन्या दिवसांबद्दल बोलत बसते, दुसरी आत सुनेशी बोलते. पेठेतल्या फ्लॅटमध्ये अडचण उलटी. तिथे एकांत असतो, पण मुलं परदेशी असलेली सत्तरीतली जोडपी “आमचं उत्तम चाललंय” म्हणून चहा पुढे करतात. शेजाऱ्यांकडे मदत मागता का, याला उत्तर “कशाला कोणाला त्रास?” पहिल्या भेटीत एवढंच मिळेल. दुसऱ्या भेटीला जा.

घरातल्या एकाच माणसाला विचारून ‘कुटुंबाचे गुण’ लिहू नका. निदान दोघांना, वेगवेगळं विचारा. शक्य तिथे तिसरं उत्तर मोठ्या मुलाचं किंवा मुलीचं. त्यांची उत्तरं जुळली नाहीत तर सरासरी काढून फरक पुसून टाकू नका. नवरा ‘सगळे मिळून ठरवतो’ म्हणतो आणि बायको ‘मला नंतर कळतं’ म्हणते, ती दरी हाच तुमचा निष्कर्ष असू शकतो.

सातवी पायरी: संमती, आणि कुठे गप्प राहता येत नाही

संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकही दार वाजवू नका. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून काढा. संमती घरातल्या कर्त्याची एकट्याची पुरत नाही. प्रत्येक मोठ्या माणसाची स्वतंत्र, आणि मुलांशी बोलायचं तर पालकांची संमती आणि मुलाचा होकार, दोन्ही. नावं आणि उत्तरं एका कागदावर ठेवू नका.

“कोणाला काही सांगणार नाही” असं मुलांना कधीही सांगू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर ते कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ही मर्यादा सुरुवातीलाच त्यांच्या भाषेत सांगा. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक छापलेली चिठ्ठी सगळ्याच घरी द्या. निवडक घरी दिलीत तर शेजारी लगेच अर्थ काढतात. संकटांबद्दल तासभर बोलवून कोणाला रडवेलं सोडून निघू नका. शेवटचा प्रश्न नेहमी असा ठेवा: “यातून तुम्हाला कशाने बाहेर काढलं?” आणि दिला तर चहा घ्या.

आठवी पायरी: आकडे आणि तुलना

विधानं एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबॅकच्या अल्फाने बघतात, ०.७ च्या वर असेल तर सहसा चालवून घेतात. पण प्रत्येक विधानाला “हो ना ताई” म्हणणाऱ्या घरांनीही अल्फा वाढतो. म्हणून उलट अर्थाची काही विधानं हवीतच, आणि त्यांनाही ‘हो’ आलेली घरं वेगळी काढून बघायला हवीत.

आता तुलना. समजा, बौद्ध वस्तीतल्या घरांची सरासरी ८१ आली आणि पेठेतल्या घरांची ६८. म्हणून पहिली जास्त चिवट असं लिहून टाकायची घाई होते. मार्केट यार्डात दोन गाळ्यांवरची वजनं ताडायची तर आधी दोन्ही काटे तपासावे लागतात, तसंच इथे. पहिली तपासणी: दोन्ही गटांत विधानांचे तेच गट पडतात का? दुसरी: प्रत्येक विधानाचं वजन दोन्हीकडे सारखं आहे का? तिसरी: काट्याचा शून्य एकाच जागी आहे का, म्हणजे घरची स्थिती सारखी असताना दोघे सारखंच उत्तर देतात का? यांना कॉन्फिगरल, मेट्रिक आणि स्केलर समतुल्यता म्हणतात. एका तपासणीवरून पुढच्या तपासणीवर जाताना सीएफआय हा, गणिती मांडणी उत्तरांशी किती जुळते ते सांगणारा निर्देशांक ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर तिथेच थांबायचं, हा २००२ पासून रूढ झालेला ठोकताळा. तिसरी तपासणी जमली नाही तर सरासऱ्यांची तुलना करता येत नाही. त्याऐवजी कोणतं विधान कुठे वेगळं वागलं, ते लिहा. माझ्या मते अहवालातलं सगळ्यात वाचनीय पान तेच असतं. हे गणित ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लावान’ या मोफत पॅकेजवर होतं.

आणि आता तो पहिला प्रश्न, किती घरं? या तपासणीसाठी प्रत्येक गटात दोनेकशे तरी हवीत. एका वर्षाच्या प्रबंधात साठच होणार असतील तर हे गणित करूच नका. बारा घरं घ्या, प्रत्येकाकडे तीनदा जा, कालरेषा, फोनचा प्रश्न आणि झळ कोणाला बसली तो रकाना नीट भरा. अशा बारा घरांचा प्रबंध मी केव्हाही आनंदाने तपासेन.

शेवटची पायरी: परत जा

अहवाल जमा करण्याआधी, नंतर नव्हे, एका दुपारी विहारात, मंदिराच्या ओट्यावर किंवा बचत गटाच्या बैठकीला त्याच बायकांना भेटा. कोणत्याही एका घराची ओळख पटेल असं काही सांगू नका. पेल्यांची चित्रं मोठ्या कागदावर काढून न्या, पाच-सहा निष्कर्ष बोलीत सांगा आणि विचारा, “हे असंच आहे का?” मागच्या वेळी ‘नातेवाइकांचा आधार भरपूर’ या वाक्यावर मागून एक आवाज आला: “आधार आहे, पण तो परत करावा लागतो, ते लिहिलं का?” विद्यार्थिनीने तिथेच मांडी घालून ते वाक्य उतरवून घेतलं, आणि कोणाकोणाचं किती परत करायचं राहिलंय, हा प्रश्न पुढच्या फॉर्मवर गेला.